बुफेओच्या मुलाचं सुतक

सांता रुफिना गावात बुफेओची मुलं आणखीही होती. बुफेओ म्हणजे नापो नदीतला गुलाबी डॉल्फिन. जत्रेच्या रात्री तो पांढरा सूट आणि हॅट चढवून माणसात येतो, एखाद्या पोरीबरोबर नाचतो आणि उजाडायच्या आत पाण्यात परततो, हे आमच्या नदीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढच्या वर्षी पाळणा हलला की बापाचा प्रश्न निघत नाही. ही मुलं मोठी होता होता गावातल्या कुणा ना कुणासारखी दिसायला लागतात. एकाचं नाक दुकानदाराचं निघतं, एकीची चाल थेट पाद्र्याच्या भावाची, आणि मग प्रकरण आपोआप मिटतं. लिसार्दो तामानीचं मात्र मिटलं नाही. तो साठीला आला तरी गावातल्या कुणासारखाच दिसेना.

त्याची आई तेओलिंदा. संत हुआनच्या जत्रेत तिच्याबरोबर हॅटवाला कुणी परका नाचला होता, एवढं सगळ्यांना आठवत होतं. परक्या माणसाला नाचात घ्यायच्या आधी त्याची हॅट काढून डोकं तपासायचं, श्वासाचं भोक दिसलं तर हाकलून द्यायचं, ही गावची रीत. त्या रात्री तपासणारेच खांबाला टेकून झोपले होते. ती पोटुशी राहिल्यावर तिच्या आईने काठी उचलली तेव्हा तेओलिंदाने एकच शब्द उच्चारला, "बुफेओ." त्याच्यावर उत्तर नसतं. काठी खाली गेली. तेव्हापासून गाव इतकं सावध झालं, की आजही लसीकरणाचा डॉक्टर जत्रेला आला तरी आधी त्याचं टक्कल चाचपून बघतात.

आमच्याकडे माणसाला दोन आडनावं, एक बापाचं, एक आईचं. शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा लिसार्दो गप्प राहिला, म्हणून मास्तरांनी दोन्हीकडे आईचंच लिहून टाकलं. तो लिसार्दो तामानी तामानी झाला. पोरं त्याला नदीत ढकलायची आणि सांगायची, "जा, बापाला भेटून ये." एकदा त्याने धीर करून आईला विचारलं होतं, बाप कसा होता म्हणून. ती केळी तळत होती. "बुफेओ होता," ती म्हणाली, "जेव." पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

पण ज्या गोष्टीने लहानपणी रडवलं तिनेच पुढे पोटापाण्याला लावलं. लिसार्दोने एक जुनी नाव घेतली आणि तिला लांब दांड्याचं पेके-पेके इंजिन बसवलं. तो माल आणि माणसं बाजाराला नेऊ लागला. आता बुफेओ नावा उलटवतात हे जगजाहीर; पण स्वतःच्या रक्ताच्या माणसाची नाव ते कशाला उलटवतील? बायका पोरंबाळं घेऊन त्याच्याच नावेत बसायच्या. ती नाव इतकी हळू चालायची, की बाजाराला नेलेले मासे पोचेपर्यंत वासावरून आपलं आगमन कळवायचे. तरी बायका तिच्यातच बसायच्या.

याचा सगळ्यात जास्त जाळ व्हायचा आर्किमेदेस कानायोच्या पोटात. या आर्किमेदेसने कर्ज काढून जपानी इंजिन आणलं होतं. त्याच्या नावेला छप्पर होतं, गाद्या होत्या, गाणी लावायची सोय होती. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. रिकामी नाव घेऊन तो लिसार्दोला भर्रकन मागे टाकायचा आणि ओरडायचा, "ए माशाच्या पोरा, पोहत गेलास तर लवकर पोचशील." लिसार्दो हॅटच्या कडेला बोट लावून त्याला नमस्कार करायचा. तसाच तो नदीतल्या बुफेओंनाही करायचा. ते आपले नातेवाईक आहेत असं त्याला खरोखर वाटायचं का? हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नसावं. बुफेओचा मुलगा असणं ही त्याची एकुलती एक इस्टेट होती. ती गेली असती तर हातात एक गळकी नाव आणि एकच आडनाव दोनदा, एवढंच उरलं असतं.

अशात एका वर्षी नदी फार आटली, आणि लिमाहून डॉक्टर ब्रिहिदा आल्या. या औषधाच्या डॉक्टर नव्हत्या. जुनी हाडं शोधणाऱ्या होत्या, पण ते कळेपर्यंत गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपले गुडघे दाखवून घेतले. बाई उंच, उन्हाने रापलेल्या आणि खरं बोलायच्या. खरं बोलायची त्यांना खोडच होती म्हणा. काठाकाठाने फिरायला नाव हवी होती. आर्किमेदेस गाद्या झटकून तयार उभा होता, पण बायकांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं, "बुडायचं असेल तर त्याच्या नावेत बसा. नाहीतर लिसार्दो आहे." बाई लिसार्दोच्या नावेत बसल्या.

शोध लागला तो लिसार्दोच्या इंजिनामुळे. म्हणजे ते बंद पडल्यामुळे. भर उन्हात, गावापासून दोन वळणांवर, इंजिनाने एक खोकला दिला आणि मान टाकली. नाव वाहत वाहत निळ्या मातीच्या काठाला लागली. लिसार्दो इंजिनाला शिव्या घालत होता आणि बाई काठाकडे बघत होत्या. मग त्या गमबुटांसकट चिखलात उतरल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. मातीतून दातांची एक रांग बाहेर आली होती.

पुढे बरेच दिवस ब्रश आणि बारीक हत्यारांनी माती काढणं चाललं. डोकं निघालं ते चोचीसकट पाच-सात वर्षांच्या पोराएवढं लांब. बघायला सगळं गाव काठावर. बाईंनी सांगितलं, "हा डॉल्फिन आहे. गोड्या पाण्यातला. साधारण एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. आज कुठल्याच नदीत एवढा मोठा नाही."

'डॉल्फिन' शब्द ऐकला आणि एक एक करत सगळ्या माना लिसार्दोकडे वळल्या.

"बाई गं," दुकानदारीण म्हणाली, "लिसार्दो, तुझे आजोबा."

लिसार्दोने हॅट काढली. दुसरं काय करायचं हे त्याला सुचलं नाही.

आता गावचा कुठलाही मयत जागरण घातल्याशिवाय गावाबाहेर जात नाही. मेणबत्त्या, कॉफी, पत्ते, उसाची दारू, आणि घरच्या माणसाने बसून सगळ्यांचं सांत्वन घ्यायचं. गावप्रमुखाने डॉक्टरीणबाईंना हे समजावून सांगितलं.

"पण त्याला जाऊन एक कोटी साठ लाख वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर," गावप्रमुख म्हणाला, "बिचाऱ्याला आणखी किती ताटकळत ठेवायचं?"

बाईंना ते डोकं एका जड पेटीत घालून काठावरून वर चढवायला माणसं हवी होती आणि माणसं जागरणाशिवाय हात लावणार नव्हती. बाईंनी हात टेकले. प्रवासात हाड मोडू नये म्हणून त्यांनी डोकं ओल्या प्लास्टरच्या पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलं, फक्त वरची बाजू उघडी ठेवली. ते पाहून बायका आपसात म्हणाल्या, बाई शिकलेल्या असल्या तरी कफनाची रीत त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन इकितोस शहराला निघायचं होतं, म्हणून जागरण दुपारीच धरलं. गावच्या सभाघरात मधोमध पेटी, चारी बाजूंना मेणबत्त्या. लिसार्दोला सुतकाची काळी विजार नव्हती. गावात काळी विजार एकच, आर्किमेदेसची. ती त्याने कुरकुरत दिली. ती लिसार्दोला एवढी लांब झाली, की उभा राहिला की तो विजारीत उतरतोय असं वाटायचं. पण बसला होता रुबाबात. एक एक माणूस येऊन त्याचा हात धरायचा आणि म्हणायचा, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत." तो मान झुकवून म्हणायचा, "देव तुमचं भलं करो." थोडी थट्टा होती, थोडी नव्हती. मासातोचा, म्हणजे कंद आंबवून केलेल्या दारूचा, घट भरला होता, भातसुद्धा पानांत बांधून वाफवला होता. लिसार्दो मनातून फार सुखावला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बापाच्या बाजूचं कुणी घरी आलं होतं.

कोपऱ्यात वेताच्या खुर्चीवर त्याची आई बसली होती. तेओलिंदा आता ऐंशीची. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पण त्या दिवशी तिने सांत्वन घेतलंही नाही आणि नाकारलंही नाही. ती नुसती पेटीकडे बघत होती.

तिसऱ्या पेल्यानंतर आर्किमेदेस उठला. आपली विजार दुसऱ्याच्या पायात बघून माणसाला आधीच राग असतो.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या. सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगा. हा आमच्या बुफेओंचा आजोबा आहे का?"

पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते छातीशी धरले. बाईंनी लिसार्दोकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यावरूनच त्याला कळलं की आता हातातलं जाणार.

"नाही," बाई म्हणाल्या.

"जोरात सांगा."

"नाही. हा वेगळ्या घराण्यातला." त्या पेटीजवळ गेल्या आणि मेणबत्ती धरून दाखवू लागल्या. "ही डोळ्यांच्या वर हाडाची उभी कड आहे बघा. आपल्या बुफेओला अशी नसते. तेव्हा इथे ही नदी नव्हती, मोठं थोरलं दलदलीचं सरोवर होतं. याचे पूर्वज समुद्रातून आत आले आणि इथलेच झाले. पुढे सरोवर आटलं, आणि हे घराणं इथून संपलं. बुफेओंचे पूर्वज वेगळे. तेही समुद्रातूनच आले, पण निराळ्या वाटेने."

"म्हणजे भाडेकरू बदलले," गावप्रमुख म्हणाला.

"तसंच काहीसं."

"मग याच्या घराण्यातलं आता कुणीच नाही?" दुकानदारणीने विचारलं. तिला खरंच वाईट वाटत होतं.

"आहेत की. पण इथे नाहीत. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला हिंदुस्थान नावाचा देश आहे, तिथल्या गंगा नदीत. हीच कड त्यांच्या कपाळावर आहे. पाणी इतकं गढूळ, की त्यांचे डोळे निकामी झालेत. सगळं आवाजावरून ओळखतात."

आर्किमेदेस खूश झाला. कोकरू सापडलेल्या मगरीसारखा हसला. "ऐकलंत ना? लिसार्दो दुपारपासून परक्याच्या आजोबासाठी तोंड पाडून बसलाय. कसला वशिला आणि कसलं रक्त. सोमवारपासून माझ्या नावेत बसा, गाद्या धुतल्यात. आणि लिसार्दो, विजार उतरव."

दोघंतिघं हसले. बाकीचे हसले नाहीत, पण त्यांनी लिसार्दोकडे बघायचंही टाळलं, आणि ते जास्त वाईट होतं. लिसार्दो उठून उभा राहिला. विजारीचे पाय त्याच्या पावलांखाली आले. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण कोणाच्या नावाने बोलायचं हेच कळेना.

"बाई," कोपऱ्यातून आवाज आला. तेओलिंदाचा. "त्या गंगेतल्याला दिसतच नाही म्हणता?"

"जवळजवळ नाहीच, आजी. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं."

"आणि मग माणूस, खांब, हे कसं कळतं त्याला?"

"आवाजावरून."

"हं," म्हातारी म्हणाली. "मग तोच."

"कोण तोच?" आर्किमेदेसने विचारलं.

"तू गप बस. तुझ्या बापाला मी नाचायला नाही म्हटलं होतं, तेव्हापासून तुमच्या घरात सगळे असेच आहेत." ती बाईंकडे वळली. "मला नाचायला बोलावलं त्याने, पण आधी खांबाला बोलावलं. वाकून, हात पुढे करून. खांब काही बोलला नाही, मग मी हसले, तेव्हा माझ्याकडे वळला. रात्रभर माझ्या पायांवरच नाचला. बोटं आठवडाभर सुजली होती माझी. दर वेळी माफी मागायचा, तीसुद्धा भलत्याच बाजूला तोंड करून."

लोक हसले. आता वेगळं हसले.

"बोलायचा तेही आपल्यासारखं नाही. लांबचं काहीतरी. अर्धं मला कळायचं नाही. पण गर्दीत हात सुटला की मी हसायचे, आणि तो बरोबर येऊन उभा राहायचा. एवढी माणसं, एवढा ढोल, आणि त्यातून माझंच हसणं त्याला ऐकू यायचं."

बाईंनी तोंड उघडलं. गंगेतले डॉल्फिन नापोत कधी आले नाहीत, हे घराणं इथून कधीच संपलं, असं काहीतरी खरं त्यांच्या ओठांवर आलं असणार. मग त्यांनी कॉफीचा पेला उचलला आणि सगळी एका दमात पिऊन टाकली. आयुष्यात खरं गिळायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्यांना जोराचा ठसका लागला.

त्या काळी लाकूडवाल्यांच्या लाँचवर कुठकुठली माणसं आमच्या काठाला लागायची. कुणी नकाशे काढायला यायचा, कुणी झाडं मोजायला, कुणी चष्मा पाण्यात पाडून बसायचा. हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या मनात आलंच असेल. कुणी अवाक्षर काढलं नाही. गाव आमचं चहाटळ आहे, पण कधी गप्प बसायचं ते त्याला कळतं.

लिसार्दो आईसमोर जाऊन उभा राहिला. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, बुफेओ होता, जेव."

"मग जेवल्यावर पुन्हा विचारायचं. बुफेओ म्हटलं की सगळे गप्प व्हायचे. तूही झालास. मला वाटलं, तुला तेवढंच पुरतंय."

"नाव काय होतं त्याचं?"

"सांगितलं होतं. मला ते म्हणता येईना."

साठीच्या माणसाला विचारायला लाज वाटावी असा प्रश्न होता, आणि तो त्याने सगळ्या गावासमोर विचारला. "मग परत का नाही आला?"

तेओलिंदाने त्याच्या सदऱ्याची कड सारखी केली.

"आला असेल रे," ती म्हणाली. "काठावरची गावं सगळी एकसारखी. त्याला दिसत कुठे होतं? आणि तू झाल्यावर मी पुष्कळ दिवस हसले नाही."

लिसार्दो पेटीजवळ गेला, त्या प्लास्टरवर त्याने हात ठेवला आणि तो रडला. नाटक म्हणून नव्हे. हुंदके देऊन रडला. साठ वर्षांत त्याला बापासाठी रडायला मयतच मिळालं नव्हतं. दुपारपासून ज्यांनी गालात हसत त्याचं सांत्वन केलं होतं ते सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले आणि पुन्हा एकदा त्याचा हात धरून तेच शब्द बोलले. या खेपेला लिसार्दोला उत्तर देता येईना, तो नुसती मान हलवत होता. म्हातारी रडली नाही. तिने रांगेतल्या प्रत्येकाला भात घ्यायला सांगितलं.

रांगेच्या शेवटी आर्किमेदेस होता. तो बराच वेळ पायाने जमीन उकरत राहिला.

"उद्या इकितोसला नेणार ना याला?" शेवटी त्याने विचारलं. "तुझ्या त्या खोकणाऱ्या इंजिनावर?"

"घरच्या माणसानेच न्यायचं असतं," लिसार्दो म्हणाला.

"ते कळतं मला. नाव तुझीच असू दे. इंजिन माझं लाव." मग रागावल्यासारखं म्हणाला, "फुकट नाही देत. आल्यावर टाकी भरून द्यायची. आणि विजार राहू दे तोवर. मयताबरोबर जाणारा माणूस उघड्या पायांनी बरा दिसत नाही."

सकाळी पेटी नावेत चढवली. डॉक्टरीणबाई पुढे बसल्या, पेटी मधे, इंजिनाशी लिसार्दो. जपानी इंजिनाची सवय नसल्यामुळे त्याने सुरुवातीलाच असा वेग दिला की बाईंची हॅट मागच्या मागे उडून गेली आणि नाव काठावरच्या बायकांना भिजवून गेली. जन्मात पहिल्यांदा लिसार्दो तामानी कुणाच्या आधी कुठे पोचणार होता.

दुपारी मोठ्या नदीच्या तोंडाशी बुफेओंचा एक कळप वर आला. गुलाबी पाठी, फुस्स करून सोडलेला श्वास. ते नावेच्या दोन्ही बाजूंनी बराच वेळ सोबत चालले. बाईंनी मागे वळून पाहिलं. लिसार्दोने नेहमीसारखं हॅटला बोट लावलं होतं.

"नातेवाईक?" त्यांनी विचारलं. थट्टा करायला त्याही शिकल्या होत्या.

"छे हो," लिसार्दो पेटी ओली होऊ नये म्हणून वरची ताडपत्री सारखी करत म्हणाला. "हे शेजारी. आमची माणसं परदेशात असतात."